'स्क्वेअर फुटाला किती?' हा प्रश्न आता बंद करा

आमच्या कोकणातल्या घराचं काम झालंय हे ज्याला ज्याला कळलं, त्यातल्या निदान सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. आधी फोटो बघायचे, "वा, मस्तच झालंय रे" म्हणायचं, आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं: "स्क्वेअर फुटाला किती पडले?"

विचारणारे सगळे तुमच्या-माझ्यासारखेच. हिंजवडी, खराडी, पवई, बंगलोर. आजोबांचं घर गावाला बंद पडून आहे, पडवीची दोनचार कौलं घसरलीत, माजघरात ओल आलीय, गणपतीत चार दिवस उघडायचं आणि नाक दाबून परत कुलूप लावायचं. आता हातात दोन पैसे आलेत, तर "एकदाच काय ते नीट करून टाकू" असं वाटतं. चांगलीच गोष्ट आहे.

मी मात्र ह्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आकडा लपवायचा वगैरे नाहीये, माझी एक्सेल शीट मागाल तर मेल करतो. पण त्या भागाकाराला काही अर्थ नाही. आणि नुसता अर्थ नसता तरी सोडून दिलं असतं. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न घातक आहे. ह्याच्यामुळे चांगले मिस्त्री काम गमावतात, वाईट मिस्त्री काम पटकावतात, आणि शेवटी कुणाच्या तरी आईची एफडी मोडते. जरा जास्तच झालं ना? थांबा, सांगतो.

नवीन आरसीसी बांधकामाला हा फुटाचा दर बऱ्यापैकी चालतो. पाया, कॉलम, बीम, स्लॅब यांचं प्रमाण एका इमारतीतून दुसरीत फार बदलत नाही. हजार फुटाला साधारण किती सिमेंट, किती सळई, हे अनुभवी माणूस झोपेत सांगू शकतो. जुन्या घराचा खर्च घराच्या आकारावर ठरतच नाही. तो ठरतो काय बिघडलंय ह्यावर. आणि काय बिघडलंय हे चौरस फुटात मोजता येत नाही. हजार फुटांची दोन घरं एकाच वाडीत शेजारी शेजारी असतील. एकात दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी कौलं चाळत होतं, दुसऱ्यात दहा वर्षं कुणी फिरकलेलं नाही. दोघांचा 'स्क्वेअर फूट' तोच. खर्चात दुप्पट-तिप्पट फरक सहज पडेल.

बरं, कुठला स्क्वेअर फूट? हे तरी कुणी विचारतं का? घर समजा २५ बाय ४० फूट, म्हणजे जमिनीवर हजार फूट. त्यावर उतरतं कौलारू छप्पर. पागोळ्या भिंतीवर पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी तीन तीन फूट बाहेर काढलेलं, म्हणजे वरून बघितलं तर ३१ बाय ४६, झाले १४२६ फूट. त्याला ३० अंशांचा उतार. शाळेतलं त्रिकोणमिती आठवा, १४२६ भागिले ०.८६६. उत्तर येतं जवळजवळ साडेसोळाशे. म्हणजे हजार फुटांच्या घराला साडेसोळाशे फूट छप्पर आहे! मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे तेवीसशेच्या आसपास कौलं झाली. जुन्या घरातला सगळ्यात मोठा खर्च बहुतेक वेळा तिथेच, डोक्यावर असतो. आणि आपण दर विचारतोय तो पायाखालच्या फरशीच्या क्षेत्रफळावर.

असो. हा नुसता गणिताचा घोळ असता तर एवढं टंकायची गरज नव्हती. खरी गंमत पुढे आहे.

माझ्या एका मित्राचं उदाहरण घेऊ (नाव-गाव सांगत नाही, तो हे वाचतो). राजापूर तालुक्यात घर, चार चुलत भावंडांत सामाईक. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या भिंती, वर लाकडी आढं, वासे, रिपा आणि कौलं. ह्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तीन ठेकेदारांना घर दाखवलं आणि तिघांनाही एकच सांगितलं: "सगळं धरून ठोक आकडा सांगा, नंतर कटकट नको."

पहिला म्हणाला १४ लाख. दुसरा म्हणाला १९. तिसरा, जो वयाने मोठा आणि तालुक्यात जुना, तो म्हणाला, "आत्ता सांगता येणार नाही. कौलं उतरवून वासे बघायला लागतील. वासे चांगले निघाले तर १६-१७ मध्ये होईल, आढं गेलेलं असेल तर २५ च्या पुढे."

सांगा बघू, काम कुणाला मिळालं?

तिसऱ्याबद्दल ग्रुपवर काय बोललं गेलं तेही मित्राने मला सांगितलं. "त्याला स्वतःलाच माहीत नाही", "अनप्रोफेशनल वाटतो", "लुटायला बसलाय". तिघांत खरं बोललेला माणूस तो एकच होता. बाकीच्या दोघांनाही वाशांच्या आत काय आहे ते दिसत नव्हतंच. फरक इतकाच की त्यांना ते बोलायचं नव्हतं, कारण गिऱ्हाईकाला ते ऐकायचं नव्हतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कौलं उतरल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, वासे सगळे गेलेत. हे आपल्या १४ मध्ये नव्हतं." आता मार्च संपत आलेला, घर वरून उघडं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागणार. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि मातीत रचलेली भिंत उघड्यावर असेल तर ती पावसाचे फार लाड करत नाही. अशा वेळी तुम्ही घासाघीस काय करणार? तो सांगेल तो दर. लाकडाचा, सुताराचा, रात्री थांबायचा. वासे झाले, मग "भिंतीचा वरचा थर सुटलाय", मग "बाथरूमच्या खड्ड्याला कातळ लागला". घर २७ लाखांवर गेलं. त्यातले पाच एका काकूंनी दिले. त्यांच्याकडे ते औषधपाण्यासाठी होते.

आता सगळे त्या ठेकेदाराला शिव्या घालतात. मी पण घालतो, कारण त्याने कौलं उतरवण्याआधीच ओळखायला हवं होतं आणि बहुधा ओळखलं होतंही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही नियमच असा लावलात की जो सगळ्यात छोटा आकडा सगळ्यात जास्त आत्मविश्वासाने सांगेल तो जिंकेल. मग जिंकणार कोण? एकतर ज्याला काम कळत नाही तो, किंवा ज्याला काम चांगलंच कळतं आणि तुम्हीही कळलेले आहात तो. जॉर्ज ॲकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक पेपर लिहिला होता, त्याला पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गिऱ्हाईकाला चांगली गाडी आणि खटारा यातला फरक कळत नसेल तर तो सरासरी किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खटारे उरतात. ठेकेदारांच्या बाजाराचं आपण नेमकं हेच करतोय. तो तिसरा म्हातारा आता घरांची दुरुस्ती घेतच नाही म्हणे. चिऱ्यांची कुंपणं घालतो. त्यात आत काही लपलेलं नसतं.

आणि आयटीवाल्यांनी तरी ह्यावर आश्चर्य दाखवू नये. फिक्स्ड बिड प्रोजेक्ट म्हणजे काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला हवं का? क्लायंटकडचा पंधरा वर्षं जुना कोड न उघडताच सेल्सवाला आकडा देऊन येतो, काम मिळतं, आणि मग उरलेलं वर्षभर आपण 'चेंज रिक्वेस्ट' काढून पैसे वसूल करतो. आपण करतो ती सीआर, आणि मिस्त्री करतो ती लूट! तिकडे सोमवारी स्टेटस कॉलवर "रिक्वायरमेंट क्लिअर नव्हती" म्हणणारा माणूस शनिवारी गावाला जाऊन मिस्त्रीला "तुला आधी कळायला नको?" म्हणून दरडावतो, तेव्हा मला खरंच हसू येतं.

"म्हणजे काय, कोरा चेक द्यायचा का?" हा प्रश्न येणार, माहितीये. अजिबात नाही. ठोक आकडा आणि कोरा चेक ह्यांच्या मध्ये एक जुनी, सरकारमान्य, कंटाळवाणी पद्धत आहे. बाबनिहाय दर आणि प्रत्यक्ष मोजमाप. आपलं सार्वजनिक बांधकाम खातं पूर्वापार ह्याच पद्धतीने अंदाजपत्रक करतं. त्यांची दरसूची असते, मोजायचं कसं ह्याचंसुद्धा भारतीय मानक आहे (आयएस १२००, झोप येत नसेल तर वाचा). तुम्ही ठेकेदाराला "छप्पर किती?" असं विचारूच नका. कौलं उतरवून रचून ठेवायचा चौरस फुटाचा दर काय, नवीन वासा बसवून द्यायचा रनिंग फुटाचा दर काय, जुना वासा तासून, तेल लावून परत बसवायचा दर काय, फुटक्या कौलाच्या जागी नवीन कौल नगाला किती, असं विचारा. चार ओळी झाल्या. वासे किती बदलायचे ते उघडल्यावर दोघं मिळून मोजू. दर मात्र आज, घराला कौलं शाबूत असताना ठरला. मार्च महिन्यातला तो फोन ह्यापुढेही येईल, पण त्या फोनवर भाव ठरणार नाही.

साधं उदाहरण घ्या. चारशे रनिंग फूट वासे बदलायचे निघाले, ४ इंच बाय ३ इंचाचे. काटछेद १२ चौरस इंच, भागिले १४४, गुणिले ४००. म्हणजे ३३ घनफुटांच्या थोडं वर लाकूड, शिवाय कापताना जाणारी घट. वखारीत जाऊन घनफुटाचा भाव विचारायला अर्धा तास लागतो. हे ज्याला जमतं त्याला ठेकेदार लुटू शकत नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला मेहनत करावी लागेल. आणि एकक नीट लिहून घ्या हो. आपल्याकडे 'ब्रास' म्हणजे वाळू-खडीला शंभर घनफूट आणि गिलावा-फरशीला शंभर चौरस फूट. "ब्रासचा रेट" एवढंच कागदावर असेल तर भांडायला तुम्ही स्वतःहून आमंत्रण दिलंय.

ह्याच्या आधीची पायरी अजून महत्त्वाची आणि तिच्यावर आपण एक रुपया खर्चायला तयार नसतो. तपासणी. घर विकायला निघाल्यासारखं नव्हे, डॉक्टरसारखं बघणं. एका चांगल्या सुताराला आणि एका गवंड्याला दोन दिवसांची पूर्ण मजुरी द्या, शक्य असेल तर तालुक्याच्या गावातून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन आणा, आणि त्यांना सांगा की पुढचं काम तुम्हालाच मिळेल असं काही नाही, फक्त काय दिसतंय ते सांगा. पन्नासेक कौलं चार-पाच ठिकाणी उतरवा. प्रत्येक तुळईचं भिंतीत बसलेलं टोक बघा, कारण लाकूड मधे ठणठणीत दिसतं आणि सडतं ते त्या टोकाला, जिथे भिंतीची ओल त्याला मिळते. टोच्या घालून बघा, किती आत जातो. हातोडीने वाजवा, पोकळ लाकडाचा आवाज न शिकवताही कळतो. वाळवीची मातीची नळी कुठून वर चढलीय ते शोधा. भिंतीला ओल खालून चढतेय की वरून उतरतेय? दोन्हीचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे. हे सगळं शक्यतो पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करा. पावसात घर खोटं बोलत नाही.

ह्या दोन दिवसांचे पैसे लोकांना 'वाया' वाटतात. अहो, पंचवीस लाखांच्या कामात वीस-पंचवीस हजार देऊन तुम्हाला कळतंय की काम सोळाचं आहे का पंचवीसचं. की पाडून नवीन बांधावं हेच बरं. हो, तोही निष्कर्ष निघू शकतो आणि तो निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. भिंतींना उभ्या भेगा असतील, जोतं खचलं असेल, तर आजोबांच्या आठवणींपेक्षा खाली झोपणाऱ्या माणसांचा जीव मोठा. पण ते उघडून ठरवा. "जुनं घर म्हणजे पांढरा हत्ती, पाडा आणि स्लॅब टाका" असं बघायच्या आधीच म्हणणारे बहुतेक वेळा स्लॅब टाकण्याचा धंदा करणारे असतात.

आता अंदाजपत्रकात काय नसतं ह्याबद्दल. मी आत्तापर्यंत मित्रांची पाच-सहा अंदाजपत्रकं बघितली. सगळ्यांत मॉड्युलर किचन होतं. एकातही वाहतूक नव्हती! कोकणातल्या कितीतरी घरांपर्यंत गाडी जात नाही. रस्त्यापासून खाली दीडशे पायऱ्यांची पाखाडी असते. सिमेंटची गोणी दुकानात ज्या भावाला मिळते त्या भावाला ती तुमच्या ओट्यावर येत नाही, ती कुणाच्या तरी डोक्यावरून येते, आणि त्याचे पैसे वेगळे. राडारोडा त्याच पाखाडीने वर जातो. पाणी नव्हतं. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, आणि नेमकं तेव्हाच तुमचं सिमेंटचं काम चालू असतं, त्याला रोज पाणी मारायचं असतं. टँकर कितीला पडतो हे विचारलंय का? खोदाई नुसती 'खोदाई' म्हणून लिहिलेली होती. माती, मुरूम आणि कातळ ह्यांचे दर वेगवेगळे असतात आणि संडासाच्या टाकीला काय लागेल हे एक छोटा खड्डा मारून आधीच बघता येतं. (शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट लांब ठेवा. अंगण छोटं असेल तर हा बजेटचा नव्हे, आधी नकाशाचा प्रश्न आहे.) आणि जीएसटी. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर त्याच्या बिलावर १८ टक्के लागतो. आकडा सांगताना तो आत धरलाय की वर, हे न विचारता तीन आकड्यांची तुलना करणारे इंजिनिअर मी पाहिलेत. इंजिनिअर!

मजूरही नव्हते. म्हणजे मजुरी होती, पण कॅलेंडर नव्हतं. दिवाळी ते मृग हे सात महिने कामाचे असं आपण धरतो. त्यातला शिमगा गेला. एप्रिल-मेमध्ये आंबा सुरू झाला की गावातले हात बागेकडे वळतात, आणि लग्नसराई असतेच. हातात खरे चार-साडेचार महिने. काम अर्धवट राहिलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली नवीन गिलावा.

पैसे कमी पडले की आपण काय कापतो ते बघा. नेहमी न दिसणारं. वाळवीचं औषध कापतो (अस्तित्वातल्या घरांसाठी त्याचंही मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग), अर्थिंग कापतो, वायरिंग "आहे ती चालेल" म्हणतो. लाकडी पट्टीवरची पन्नास वर्षांपूर्वीची वायर, जिच्यावर दोन बल्ब आणि एक रेडिओ चालायचा, तिच्यावर गीझर आणि इंडक्शन चढवतो. आणि वाचलेल्या पैशातून काय घेतो? चकाचक व्हिट्रिफाईड फरशी आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा. मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतीला दोन्ही अंगांनी सिमेंट लिंपलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. दोन पावसाळ्यांत रंग फुगतो, मग पुट्टी, मग परत रंग. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कमी राहिलेत आणि महाग पडतात हे मान्य. पण मग किचनच्या ट्रॉल्या एक वर्ष थांबू शकत नाहीत का? माझा क्रम सरळ आहे. आधी पाणी बाहेर ठेवणाऱ्या गोष्टी, मग घर उभं ठेवणाऱ्या, मग ज्यांनी माणूस मरू शकतो त्या, आणि उरलेल्यात शोभा. पाहुण्यांना फक्त शेवटची गोष्ट दिसते, म्हणून आपण यादी उलटी वाचतो.

डॅनियल कानेमनने आपल्या २०११ च्या पुस्तकात एक आकडा दिलाय. २००२ साली अमेरिकेत स्वयंपाकघराचं नूतनीकरण केलेल्या लोकांना विचारलं. त्यांचा अंदाज सरासरी १८,६५८ डॉलर होता, प्रत्यक्षात खर्च झाले ३८,७६९. दुपटीच्या वर. आणि ते अमेरिकेत, तेही नुसतं स्वयंपाकघर. लोक हा आकडा ऐकून लगेच म्हणतात, "बघ, ठेकेदार सगळीकडे सारखेच." कानेमनचा रोख मात्र गिऱ्हाईकाकडे आहे. काम सुरू झाल्यावर आपल्या इच्छा किती वाढतील ह्याचा आपल्यालाच अंदाज नसतो. "आता एवढं करतोच आहोत तर" हे मराठीतलं सगळ्यात महाग वाक्य असावं.

म्हणून राखीव रक्कम दोन वेगळ्या खात्यांत ठेवा असं मी सांगतो. एक घराच्या लहरींसाठी. तपासणी नीट झाली असेल तर १५ टक्के, नसेल झाली तर ३० सुद्धा पुरणार नाहीत. (हे टक्के माझे, शास्त्रात बघू नका.) दुसरी तुमच्या लहरींसाठी. दोन्ही एकत्र केलेत तर वाशांचे पैसे झुंबरात जातात. आणि ती रक्कम ठेकेदारापासून लपवा असं सांगणारे शहाणे असतात, मला ते पटत नाही. बाबनिहाय दर आधीच ठरले असतील तर लपवायचं काय उरतं?

कर्जाबद्दल थोडक्यात. "होम लोन घेऊ, टॅक्स वाचेल" ह्या भ्रमात राहू नका. राहत्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ३० हजारांचीच वजावट मिळते, खरेदी-बांधकामासारखी दोन लाखांची नाही. नव्या पद्धतीत राहत्या घरावर तीही नाही. शिवाय घरपत्रकावर आजोबांचं नाव आणि खाली अकरा वारस असतील तर बँक तुम्हाला दारातही उभं करणार नाही. मग पर्सनल लोन. त्यापेक्षा सामाईक घराच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ वकिलाच्या फीची टाका. पैसे तुम्ही घातलेत म्हणून तुमचा हिस्सा आपोआप वाढत नाही, आणि "आपण घरचेच आहोत" हे वाक्य पहिला गणपती होईपर्यंतच टिकतं. कोण किती देणार, कोणाला कधी राहता येणार, पुढे विकलं तर आज घातलेल्याचा हिशेब कसा, हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर आणा. कुणी दुखावेल, दुखावू दे. नंतर कोर्टात दुखावण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ठेकेदाराच्या बिलाचं काय करायचं, हेही लोक विचारतात. कामाच्या मापाप्रमाणे दर पंधरवड्याला बिल, माप दोघांनी घेतलेलं, वहीवर दोघांच्या सह्या. प्रत्येक बिलातले पाच टक्के मागे ठेवा आणि पहिला पावसाळा बघून ऑक्टोबरमध्ये द्या. पण पाचच! "शेवटी देऊ" म्हणून निम्मे पैसे अडकवून ठेवणारे महाभाग मी बघितलेत. ते पैसे ठेकेदाराच्या खिशातून जात नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी बिगाऱ्याला पगार मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो पुढच्या सोमवारी दुसऱ्या साइटवर असतो आणि तुमचं घर उघडं.

आता एवढं सगळं ऐकून परवा एकाने मला शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे, पण अंदाजे स्क्वेअर फुटाला?" :)

त्याला मी उलटा प्रश्न टाकला, की काम झाल्यावर दरवर्षीचे किती धरलेस? तो गप्प. कौलारू घराला दर मे महिन्यात माणूस वर चढवून कौलं चाळून घ्यावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, पन्हळीतला पालापाचोळा काढावा लागतो, काही वर्षांनी लाकडाला तेल, वाळवीचं औषध परत. आणि घर बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडणाऱ्या शेजारच्या वहिनींना महिन्याचे काहीतरी. आमच्याकडे ही ओळ शीटमध्ये सगळ्यात वर आहे, कारण ती कधीच संपणार नाहीये. ह्या वर्षीची कौलं अजून चाळायची आहेत, माणसाला फोन केलाय, तो म्हणाला आंबा आटपला की येतो.